फ्रेम ठरवण्याआधी काळा घोड्याला एक चक्कर मारा

(चित्र फ्रेमिंगला देणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने चित्राला लावून पाहिले तरी घरच्या भिंतीवर ते कसं दिसेल, याचा अंदाज येत नाही. त्यासाठी टांगलेली चित्रं पाहावी लागतात, आणि मुंबईत ती बहुतेक ठिकाणी फुकट पाहायला मिळतात.

सुरुवात काळा घोडा भागातल्या जहांगीर आर्ट गॅलरीपासून करा. १९५२ पासून ती सगळ्यांसाठी खुली आहे. प्रदर्शनं साधारण आठवडाभरच असतात, त्यामुळे आवडलेलं पुन्हा पाहायचं तर लगेच जा. चित्रकार बहुधा तिथेच बसलेले असतात. त्यांना खुशाल प्रश्न विचारा, आमचा अनुभव आहे की ते मनापासून बोलतात.

जवळच सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिथे तिकीट लागतं आणि सोमवारी बंद असतं. वर घुमटाखालच्या दालनापर्यंत चढून जाच.

फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्यांत जायला अनेकजण बिचकतात. दार बंद दिसलं तरी बेल वाजवा. काही विकत घ्यायलाच हवं असं नसतं. फोर्टमधली केमोल्ड गॅलरी तर आम्हा फ्रेमवाल्यांना विशेष जवळची. केकू गांधींनी १९४१ मध्ये फ्रेमच्या पट्ट्या बनवण्याचा धंदा सुरू केला. हुसेन, आरा, हेब्बर अशा तेव्हाच्या नव्या चित्रकारांची चित्रं ते आपल्या शोरूममध्ये लावत. त्यातूनच पुढे १९६३ मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी उभी राहिली; आता ती फोर्टमध्ये आहे.

चित्र पाहून झालं की जरा बाजूला सरकून कडेनं पाहा. कागदावरच्या कामात काच कागदाला टेकलेली नसते, मधे माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी असते. मुंबईच्या दमट हवेत काच चिकटली की कागदाला बुरशी लागते, रंगही काचेला धरतो. माउंटचे पैसे वाचवू नका असं आम्ही सांगतो ते यासाठीच. कॅनव्हासला मात्र बहुतेक ठिकाणी काच दिसणार नाही, आणि साध्या बारीक पट्टीतही मोठं चित्र किती उठून दिसतं तेही कळेल.

एखादी फ्रेम आवडली तर गॅलरीत विचारून, फ्लॅश न लावता, समोरून आणि कडेनं असे दोन फोटो काढून आणा. तशी पट्टी आमच्याकडे आहे का आणि खर्च किती येईल, ते लगेच सांगू.