कोनी आयलंडचे जुने फोटो (साधारण १९४० ते १९६५)

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या कोनी आयलंड या समुद्रकाठच्या भागातल्या मनोरंजन पार्कांचे आणि तिथल्या गर्दीचे फोटो. प्रेस फोटो, कलावंतांचं काम, रंगीत पोस्टकार्डं आणि घरगुती स्लाइड्स असं सगळंच यात धरतात. तेव्हा तिथे १९२० चा वंडर व्हील हा १५० फुटी आकाशपाळणा होता, १९२७ चा सायक्लोन हा लाकडी रोलर कोस्टर होता, जॉर्ज टिल्यूने १८९७ मध्ये काढलेला स्टीपलचेस पार्क होता, आणि लूना पार्क १९४४ च्या ऑगस्टमध्ये आगीत बराचसा जळाला.

सगळ्यात मोठा प्रश्न तारखेचा. फोटोच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं साल बऱ्याचदा नंतर कुणीतरी अंदाजाने टाकलेलं असतं, त्यामुळे फोटोत काय दिसतंय त्यावरून साल काढायचं, आणि त्यासाठी पॅराशूट जंपसारखी (टॉवरवरून पॅराशूटला लटकत खाली यायचा खेळ) दुसरी खूण नाही. हा सुमारे २५० फुटी लोखंडी टॉवर जेम्स स्ट्राँग या निवृत्त नौदल अधिकाऱ्याच्या डिझाइनचा, आधी १९३९-४० च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरमध्ये क्वीन्सला उभा होता, तेव्हा त्यावर लाइफ सेव्हर्स या गोळ्यांच्या कंपनीची जाहिरात म्हणून गोळ्यांच्या आकाराची कडी लावलेली होती, मग १९४१ मध्ये तो उचलून स्टीपलचेसमध्ये आणला. म्हणजे कडी दिसली की तो फोटो कोनी आयलंडचा नाहीच, आणि कोनी आयलंडच्या फोटोत टॉवर दिसला की १९४१ च्या आधीचा नाही. टॉवर दिसत नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कॅमेरा दुसरीकडे वळलेला असू शकतो. ही साधी गोष्ट लोक विसरतात.

टॉवर बंद कधी झाला यावर एकमत नाही. बऱ्याच संदर्भांत १९६८ छापलेलं आहे, काही अभ्यासक १९६४ धरतात. स्टीपलचेस पार्क १९६४ च्या सप्टेंबरमध्ये बंद झाला, पुढच्या वर्षी फ्रेड ट्रम्प या बिल्डरने जागा घेतली, १९६६ मध्ये काचेचा मोठा मंडप पाडायच्या वेळी पाहुण्यांना बोलावून काचांवर विटा मारायला लावल्या, या क्रमात टॉवर पुढे चार वर्षं नियमित चालला असेल हे पटायला जड जातं, त्यामुळे १९६४ जास्त सुसंगत वाटतं. पॅराशूटं लटकलेली दिसत असतील आणि खाली १९६७ लिहिलं असेल तर आधी ते सालच तपासावं. टॉवरचा सांगाडा अजून उभा आहे आणि १९८९ पासून शहराने संरक्षित म्हणून घोषित केलेला आहे.

दुसरी खूण फिल्मची. कोडाक्रोम (कोडाकची रंगीत स्लाइड फिल्म) स्लाइड प्रकाशात तिरपी धरली की इमल्शनच्या, म्हणजे चित्राचा थर असलेल्या बाजूला चित्राचा हलका उठाव दिसतो, स्कॅन करताना उलटसुलट झालं असेल तर ते इथेच पकडता येतं, नाहीतर पाट्यांवरची अक्षरं बघावी. या फिल्मची स्पीड, म्हणजे प्रकाश टिपायची क्षमता, १९६१ पर्यंत फक्त १० होती, म्हणून रंगीत फोटो जवळपास सगळे भर उन्हातले आहेत, रात्रीचा दिव्यांचा झगमगाट त्यात क्वचितच येतो. त्यावरून तो काळच लख्ख उन्हाचा होता असं वाटणं ही फिल्मची करामत. उलट १९४२ नंतरचे सुरुवातीचे कोडाकलर (कोडाकचीच कागदी प्रिंटची रंगीत फिल्म) प्रिंट इतके पिवळे-नारिंगी पडले की शाबूत फारसे राहिलेच नाहीत. लिनन पोस्टकार्डांचे (कापडासारख्या पोताच्या कागदावरची कार्डं) रंग तर छापखान्यात भरलेले, मूळ फोटो काळापांढरा. कर्ट टाइश या पोस्टकार्ड छापणाऱ्या कंपनीच्या कार्डावरचा नंबर (५ए म्हणजे १९३५, ५बी म्हणजे १९४५) छपाईचं साल सांगतो, फोटोचं नाही, तोच फोटो नंतरही छापला जायचा.

फोटोग्राफर बरेच. वीजी (खरं नाव आर्थर फेलिग) याचा समुद्रकिनाऱ्यावरच्या तुडुंब गर्दीचा फोटो सगळ्यात प्रसिद्ध, लोक सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, त्यासाठी त्याने ओरडून-नाचून दाखवलं अशी गोष्ट सांगतात. साधारण मान्य तारीख रविवार २१ जुलै १९४०, दुसऱ्या दिवशी पीएम या पेपरात तो छापला. लिझेट मॉडेल हिने काढलेला पोहण्याच्या कपड्यातल्या धिप्पाड बाईचा फोटो त्याच सुमाराचा. सिड ग्रॉसमन १९४७-४८ मध्ये इथे काम करत होता, फोटो लीग या न्यूयॉर्कच्या फोटोग्राफरांच्या संघटनेवर सरकारने काळ्या यादीचा शिक्का मारला तोच काळ. ब्रूस डेव्हिडसनने १९५९ मध्ये ब्रुकलिनच्या पोरांच्या टोळीसोबत इथे फोटो काढले. चित्रकार रेजिनाल्ड मार्शही कॅमेरा घेऊन यायचा.

अमेरिकेतल्या गावोगावच्या मेळ्यांचं रंगीत काम वेगळं. जॅक डेलानोने १९४१ च्या सप्टेंबरमध्ये व्हरमाँटमधल्या रटलंडच्या मेळ्याचे कोडाक्रोम काढले, ते सरकारी असल्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साधारण १६०० रंगीत फोटोंच्या संग्रहात आहेत आणि मोकळेपणाने वापरता येतात. आपल्या जत्रेतल्या मौत का कुआं किंवा पाळण्यांशी तुलना करण्याचा मोह होतो, पण असे फोटो बघताना एक लक्षात ठेवावं, बऱ्याच पार्कांत काळ्या लोकांना प्रवेशच नव्हता. मेरीलँडच्या ग्लेन एको पार्कमध्ये ३० जून १९६० ला गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसून निदर्शनं झाली, १९६१ मध्ये तो सगळ्यांना खुला झाला. तेव्हा फोटोत सगळे गोरे दिसतात याचं कारण नुसता योगायोग नसतो.

वीजीचं संग्रहित काम न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीकडे आहे, मार्शचे फोटो म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्ककडे. घरगुती स्लाइड्स मात्र विखुरलेल्या, जुन्या सामानाच्या विक्रीत डब्याच्या भावाने जातात, आणि तपशील बहुतेक वेळा कार्डबोर्डच्या चौकटीवर छापलेल्या प्रक्रियेच्या महिन्याएवढाच मिळतो, तोही १९५० च्या दशकाच्या शेवटाकडून पुढचा.