ड्रॅगन जिवंत पकडणे (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

ड्रॅगन जिवंत पकडणे : डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या धर्तीवरच्या, टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांत एखाद्या बलाढ्य प्राण्याला ठार न मारता जेरबंद करण्याची मोहीम. ती कोणत्याही अक्राळविक्राळ प्राण्याच्या बाबतीत होऊ शकते. पण १९७४ साली निघालेल्या पहिल्याच नियमपुस्तिकांत ड्रॅगनला नमवण्याचा स्वतंत्र नियम होता, त्यामुळे या प्रकाराचा विचार ड्रॅगनपासून सुरू करणेच योग्य.

या खेळात डंजन मास्टर, म्हणजे खेळाडूंच्या तोंडी ‘डीएम’, जग आणि त्यातले प्राणी चालवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्या जगात उतरतात आणि अनिश्चित गोष्टींचा निकाल फाशांवर लागतो. प्रत्येक प्राण्याला हिट पॉइंट असतात. घाव बसला की ते कमी होतात आणि संपले की प्राणी मरतो. या हिशेबात दमणे, घाबरणे, अडकून पडणे यांना आपोआप जागा नसते. खेळाची मुळे लढाईच्या खेळांत आहेत. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या नियमावलीत छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती टेबलावर मांडून युद्ध लढले जाई आणि मेलेला सैनिक उचलून बाजूला ठेवला जाई. तिथून आलेल्या खेळात मारण्याचे गणित पहिल्यापासून तयार होते. पकडण्याचे गणित मात्र दर आवृत्तीत नव्याने मांडावे लागले. अवघडपणा नेमका कुठे ठेवायचा, लढाईत की लढाईनंतर, याची उत्तरे प्रत्येक वेळी वेगळी आली.

१९७४ चा नियम

गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा येथून टॅक्टिकल स्टडीज रूल्स या छोट्या कंपनीने काढला. तीन पुस्तिकांपैकी दुसरी राक्षसांची आणि खजिन्याची. तीत ड्रॅगनला वयाच्या सहा पायऱ्या आहेत. प्राणी किती बलाढ्य हे त्याच्या शक्तीच्या फाशांच्या संख्येवरून ठरे. अगदी पिल्लाला अशा प्रत्येक फाशामागे १ हिट पॉइंट, सर्वांत म्हाताऱ्याला ६. ड्रॅगनच्या श्वासाने, म्हणजे लाल ड्रॅगनच्या बाबतीत तोंडातून निघणाऱ्या आगीच्या लोटाने, होणारे नुकसान त्याच्या हिट पॉइंटांइतकेच असते.

ड्रॅगनला नमवायचे असेल तर हल्ला करण्याआधीच तसे जाहीर करावे लागे. मग प्रत्येक फेरीनंतर आतापर्यंत लागलेल्या घावांची बेरीज त्याच्या एकूण हिट पॉइंटांच्या किती टक्के झाली ते काढायचे आणि १ ते १०० मधला आकडा देणारे शतमानाचे फासे टाकायचे. आकडा त्या टक्केवारीइतका किंवा कमी आला, तर ड्रॅगन शरण आला.

हे एका उदाहरणात उलगडून पाहावे. दहा फाशांचा लाल ड्रॅगन, वयाची चौथी पायरी, म्हणजे ४० हिट पॉइंट. पहिल्या फेरीत पार्टीने, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीने, मिळून १० चे नुकसान केले, तर शरणागतीची शक्यता २५ टक्के. तो नमला नाही आणि दुसऱ्या फेरीअखेर बेरीज २२ झाली, तर त्या फेरीची शक्यता ५५ टक्के. दोन्ही फेऱ्या एकत्र धरल्या तर तो तोवर नमलेला असण्याची शक्यता ६६ टक्क्यांवर जाते. तिसऱ्या फेरीत बेरीज ३२ वर गेली तर ९३ टक्के. मारायचे म्हटले असते, तर याच गतीने चौथी फेरी लागली असती आणि तेवढ्या वेळात ४० नुकसानीचा आगीचा लोट आणखी एकदा अंगावर आला असता. म्हणजे मूळ नियमात ड्रॅगनला जिवंत पकडणे मारण्यापेक्षा सोपे होते. नियम वाचताना हे चटकन लक्षात येत नाही, पण कागद-पेन्सिल घेऊन बसले की दिसते. झोपलेला ड्रॅगन शोधून सगळ्यांनी एकदम त्याच्यावर तुटून पडायचे, ही त्या काळातली चाल याच गणितातून निघाली.

बक्षीसही तसेच. नमलेला ड्रॅगन दर हिट पॉइंटामागे ५०० ते १,००० सोन्याच्या नाण्यांना विकता येई. वरच्या उदाहरणातल्या ड्रॅगनचे २० ते ४० हजार. त्या काळी मिळवलेल्या खजिन्यातील प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक अनुभवगुण मिळत असल्याने पात्रांची चढती श्रेणीही या पैशावर अवलंबून होती. विक्रीची ही तरतूद आज वाचताना खटकते, आणि खटकायलाच हवी. हे ड्रॅगन बोलू शकतात, जादू करू शकतात, त्यांना स्वतःचे हेतू असतात. बोलणाऱ्या जिवाचा बाजारभाव ठरवणारा नियम जसाच्या तसा वापरण्याआधी टेबलावरच्या सगळ्यांशी बोलून घ्यावे.

१९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये वयाच्या पायऱ्या आठ झाल्या, टक्केवारीची पद्धत राहिली. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या बेसिक संचात मात्र ती सोडून दिली. तिथे तलवारीच्या चपट्या बाजूने मारायचे आणि नुकसान नेहमीसारखेच मोजायचे. ते खरे नुकसान नसल्यामुळे श्वासाचा जोर कमी होत नाही आणि हिट पॉइंट शून्यावर आले की ड्रॅगन शरण येतो. बाण आणि मंत्र चालत नाहीत. याने पकडणे आणि मारणे सारखेच अवघड झाले, आणि दुरून लढणाऱ्या पात्रांसाठी तर पकडणेच जास्त अवघड. त्याच संचात एक बारीक अट आहे, ती फार विचारपूर्वक घातलेली आहे. नमवलेल्या ड्रॅगनला मरण ओढवेल अशी आज्ञा दिली, तर तो पळायचा प्रयत्न करतो, जमल्यास मालकांना मारूनही. शरणागती कायमची नाही हे नियमातच लिहिलेले होते.

सर्वांसाठी एक नियम

विझर्ड्स ऑफ द कोस्टने १९९७ मध्ये मूळ कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती काढली. तीत ड्रॅगनचा खास नियम जाऊन न मारणाऱ्या नुकसानीचा सर्वसाधारण नियम आला. धारदार शस्त्राने असे नुकसान करायचे तर हल्ल्याच्या फाशातून ४ वजा. असे नुकसान वेगळे मोजायचे. ते उरलेल्या हिट पॉइंटांपेक्षा वाढले की प्राणी बेशुद्ध. मृतात्मे आणि जादूने बनवलेले पुतळे यांच्यावर त्याचा परिणाम नाही. पकडणे आता मारण्यापेक्षा अवघड झाले होते.

चौथ्या (२००८) आणि पाचव्या (२०१४) आवृत्तीत पुन्हा वारे फिरले. पाचव्या आवृत्तीप्रमाणे जवळून केलेल्या हल्ल्याने प्राणी शून्यावर आला, तर मारणारा त्याच क्षणी ‘याला बेशुद्ध करतो’ असे म्हणू शकतो. आधी जाहीर करायला नको, दंडही नाही. अडचण एवढीच की शेवटचा घाव कोणाचा पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. ड्रॅगनचे हिट पॉइंट डीएमच्या पडद्यामागे असतात. चेटक्याच्या आगीच्या गोळ्याने किंवा धनुर्धराच्या बाणाने तो शून्यावर आला की मेला. म्हणून सराव झालेल्या पार्टीत लढाईच्या शेवटाकडे दर फेरीला एकच प्रश्न येतो, ‘तो कसा दिसतोय?’ डीएमने ‘पंख फाटलाय, डोळे मिटत चाललेत’ असे म्हटले की दुरून मारणारे हात आवरतात आणि कुऱ्हाडवाला पुढे जातो. या आवृत्तीतली ही सर्वांत रंगणारी घटका आहे, आणि तिच्यासाठी डीएमने जखमांचे वर्णन प्रामाणिकपणे केले पाहिजे.

प्रौढ लाल ड्रॅगन : पाचव्या आवृत्तीतला हिशेब

२०१४ च्या नियमांतला प्रौढ लाल ड्रॅगन म्हणजे २५६ हिट पॉइंट, १९ चिलखत, २७ ताकद. खेळाडूंच्या थैलीत असलेल्या बहुतेक वस्तू त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. जाळे त्याच्या आकाराच्या प्राण्यावर चालतच नाही. बेड्या माणसाएवढ्या आणि त्याहून लहान प्राण्यांसाठी. हाताने धरून ठेवणे आपल्यापेक्षा फार तर एक पायरी मोठ्या प्राण्यालाच जमते, हा दोन पायऱ्या मोठा. लोखंडी साखळी तोडायला ताकदीच्या फाशावर २० लागतात. त्याला ८ ची भर मिळत असल्याने वीस बाजूंच्या फाशावर १२ आले की साखळी तुटली. म्हणजे दर सहा सेकंदांच्या फेरीला ४५ टक्के. तागाच्या दोरीचे तर ६० टक्के.

उरतात मंत्र, आणि तिथे त्याची तीन नकारांची ताकद आडवी येते. सेव्हिंग थ्रो, म्हणजे मंत्राच्या परिणामातून वाचण्यासाठी टाकलेला फासा, हुकला तरी दिवसातून तीनदा तो ‘वाचलो’ असे ठरवू शकतो. त्यामुळे पकडायला निघालेली पार्टी आधी स्वस्त मंत्र टाकून हे तीन नकार संपवते. इथे डीएमची कसोटी लागते. ड्रॅगनने नकार कशासाठी वापरला असता याचा विचार ड्रॅगनच्या डोक्याने करायचा, खेळाडूंचा बेत माहीत असल्याच्या आधारावर नाही.

नकार संपल्यावर किंवा तो बेशुद्ध झाल्यावर खरी शर्यत लागते. बेशुद्ध, स्थिर झालेला प्राणी १ ते ४ तासांत १ हिट पॉइंट मिळवून जागा होतो. सगळ्यांच्या मनात पहिली कल्पना येते ती त्याची मेंढी करून उचलून न्यायची. पण तो रूपांतराचा मंत्र शून्य हिट पॉइंटच्या प्राण्यावर चालत नाही. म्हणजे तो जागा होईपर्यंत थांबायचे किंवा त्याला एक हिट पॉइंट द्यायचा, आणि मग पुन्हा सेव्हिंग थ्रो. २०२४ च्या सुधारित नियमांत बेशुद्ध केलेला प्राणी शून्याऐवजी १ हिट पॉइंटवर राहतो, त्यामुळे ही फट बुजली.

शक्तीचा पिंजरा हा सातव्या पातळीचा मंत्र १३ व्या पातळीच्या चेटक्याला जमतो. त्याला १,५०० नाण्यांची माणकांची पूड लागते. गजांचा पिंजरा २० फुटांचा असतो, १५ फुटांची जागा घेणारा प्रौढ ड्रॅगन त्यात मावतो. पण तो टिकतो तासभर, आणि गजांमधून आगीचा लोट बाहेर येणार की नाही याबद्दल मंत्राचे वर्णन गप्प आहे. डीएमने हे पिंजरा उभा राहण्याआधीच सांगून टाकावे. याच मंत्राने करता येणारी भरीव भिंतींची पेटी सुरक्षित, पण ती १० फुटांचीच. नवव्या पातळीचा कायमच्या कैदेचा मंत्र सगळे प्रश्न मिटवतो. कैद्याला अन्न लागत नाही, हवा लागत नाही, तो म्हाताराही होत नाही. त्यासाठी लक्ष्याच्या प्रत्येक फाशामागे ५०० नाण्यांची सामग्री लागते, म्हणजे १९ फाशांच्या या ड्रॅगनला ९,५००. आणि ड्रॅगन एकदा वाचला की त्याच चेटक्याचा तोच मंत्र त्याच्यावर पुन्हा कधी चालत नाही.

इतर जगांतून आलेले पिशाच्च, देवदूत, पंचतत्त्वांचे प्राणी यांना बांधणे तुलनेने सोपे. त्यांच्यासाठी बंधनाचे मंत्र आहेत, त्यांना कोंडून ठेवणारी जादूची लोखंडी कुपी आहे. ड्रॅगन याच जगातला असल्यामुळे यातले काहीच त्याला लागू पडत नाही. ट्रोल या राक्षसी प्राण्याची गोष्ट आणखी वेगळी : त्याच्या जखमा दर फेरीला १० हिट पॉइंटांनी भरतात, त्यामुळे त्याला आग किंवा आम्ल सतत हाताशी ठेवून, दर काही क्षणांनी भाजतच न्यावे लागते.

पकडल्यानंतर

मोहिमेचा खरा ऐवज इथे आहे, आणि बहुतेक नियमपुस्तके इथेच हात आखडता घेतात. प्रौढ लाल ड्रॅगनची बुद्धी १६, प्रभाव २१. त्याला सर्वसामान्य भाषा येते. पहारेकऱ्यांशी तो बोलतो, त्यांना वचने देतो, त्यांची भांडणे ओळखतो. चांगला डीएम कैदेतल्या ड्रॅगनला बोलकाच ठेवतो आणि पार्टीतल्या प्रत्येकाला त्याच्याकडून वेगळे आमिष दाखवतो.

वजनाचा प्रश्नही खरा. तिसऱ्या आवृत्तीच्या कोष्टकात या आकाराचे प्राणी २ ते १६ टनांचे. डोंगरातून एवढे धूड खाली आणायला बैलगाड्या, माणसे, रस्ता आणि दिवस लागतात, आणि तेवढ्यात ज्याला ड्रॅगन हवा आहे तो प्रत्येक जण खबर लागून वाटेत येतो.

एक बाब खेळाडूंच्या नजरेतून हमखास सुटते. २०१४ च्या नियमांत लाल ड्रॅगनच्या गुहेभोवती सहा मैलांत लहान भूकंप होत राहतात आणि मैलभरातले पाणी गरम होऊन त्याला गंधकाचा वास येतो. ड्रॅगन मेला की हे १ ते १० दिवसांत विरते. जिवंत पकडल्यावर काय होते ते लिहिलेलेच नाही. शब्दशः घेतले तर गावाला सुटकाच नाही : ड्रॅगन राजाच्या तळघरात, आणि विहिरीचे पाणी अजून गंधकाचे. ज्या गावाने मदत मागितली होती तेच गाव मग पार्टीपुढे येऊन ‘त्याला मारा’ म्हणेल, आणि ज्याने जिवंत ड्रॅगनचे पैसे मोजले तो ‘हात लावू नका’ म्हणेल. एवढ्या एका ओळीवर पुढची पाच-सहा सत्रे सहज उभी राहतात.

अनुभवगुणांबाबत शंका नको. पाचव्या आवृत्तीच्या डीएमसाठीच्या पुस्तकात मारणे, पळवून लावणे आणि पकडणे या तिन्हींना पराभवच धरले आहे. प्रौढ लाल ड्रॅगनचे १८,००० गुण पकडणाऱ्यांना पूर्ण मिळतात.

इतर खेळांत

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) धारदार शस्त्राने न मारता लढण्याचा दंड २ वर आणला. फेट कोअरमध्ये (२०१३) हा प्रश्नच वेगळ्या बाजूने सोडवला आहे. तिथे प्रतिस्पर्धी हरला की त्याचे काय झाले ते जिंकणारा सांगतो. मेला, पळाला, बेड्यांत पडला, काहीही. आणि हरू लागलेल्याला शेवटचा घाव पडण्याआधी स्वतःहून माघार घेता येते, म्हणजे शरणागतीच्या अटींत त्याचाही शब्द राहतो. ड्रॅगनसारख्या बोलणाऱ्या, गर्विष्ठ प्राण्याला ही पद्धत फार शोभते, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांनाही ती उसनी घेता येईल : ५० हिट पॉइंट उरले असताना ड्रॅगनला तोंड उघडू द्यावे आणि तो काय देऊ करतो ते ऐकावे.