पेशी कमी आल्या? आधी कारण शोधूया
(आमच्या लॅबमध्ये तपासणीसाठी येणाऱ्या सांगली-मिरजकरांसाठी)

पावसाळ्यात तापाची साथ आली की रिपोर्ट हातात पडताच पहिला प्रश्न असतो, ‘पेशी किती?’ म्हणजे प्लेटलेट. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. कमी दिसल्या की डेंग्यूच गृहीत धरला जातो आणि पपईच्या पानांचा रस, ड्रॅगन फ्रूट सुरू होतं. डेंग्यूत पेशी उतरतात हे खरं, पण ताप गेल्यावर थोड्या दिवसांत त्या पुन्हा चढतात. महिना-दोन महिने आकडा खालीच असेल तर कारण वेगळं आहे. ते शोधायलाच हवं.

आकडा खरा आहे का?

सीबीसीचं (रक्तातल्या सगळ्या पेशींच्या मोजणीचं) रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. रक्त गोठू नये म्हणून त्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही लोकांच्या रक्तात या रसायनामुळेच पेशी एकमेकींना चिकटतात. मशीनला हे पुंजके पेशी म्हणून ओळखता येत नाहीत, आणि धडधाकट माणसाचा आकडा चाळीस हजार येतो! म्हणून आम्ही स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. रक्ताचा थर जिथे पातळ होत संपतो, त्या कडेला हे पुंजके साचलेले दिसतात. मग निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतो. त्या नळीतल्या द्रवामुळे रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतो.

काही घराण्यांत पेशी जन्मतःच आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात. मशीन अशा मोठ्या पेशींना तांबड्या पेशी समजून सोडून देतं. आई, भाऊ, मुलगी यांचेही आकडे वर्षानुवर्षं कमी असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा दोष ओळखला गेला नाही, तर माणसाला विनाकारण स्टिरॉइड दिलं जाऊ शकतं.

शरीरच पेशी मारतं तेव्हा

आयटीपी या आजारात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. एरवी सात ते दहा दिवस जगणारी पेशी मग प्लीहेत (पोटात डावीकडे असलेल्या पाणथरीत) लवकर नष्ट होते. लहान मुलांत हे बहुधा एखाद्या विषाणूच्या तापानंतर होतं आणि बहुतेक मुलं सहा महिन्यांच्या आत बरी होतात. मोठ्यांत आजार रेंगाळतो. अशा वेळी हिपॅटायटिस सी (यकृताला सूज आणणारा विषाणू) आणि एचआयव्हीची तपासणी करतात, कारण हे विषाणूही अशी अँटिबॉडी निर्माण करायला कारण ठरतात.

यकृताकडे दुर्लक्ष नको

याबद्दल आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते. हिपॅटायटिस बी (आपल्याकडची ‘पांढरी कावीळ’) आणि सी अनेक वर्षं काहीही त्रास न देता राहतात. डोळेही पिवळे होत नाहीत. यकृत कडक झालं की प्लीहा फुगते आणि पेशी तिथेच अडकून पडतात. पेशी बनवा असा निरोप देणारं थ्रोम्बोपोएटिन मुख्यतः यकृतातच तयार होतं, तेही घटतं. कधीकधी कमी प्लेटलेट हीच यकृताच्या आजाराची पहिली खूण असते.

एकाच विषाणूने एक भाऊ आपोआप बरा होतो आणि दुसऱ्याच्या अंगात तो कायमचा मुक्काम करतो. वय इथे फार महत्त्वाचं: जन्मावेळी आईकडून बी ची लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो टिकतो, मोठेपणी लागण झालेल्या शंभरांत पाचांपेक्षा कमी जणांत. जनुकांचाही वाटा असतो. आयएल२८बी जनुकाच्या एका प्रकारामुळे हिपॅटायटिस सी आपोआप जाण्याची शक्यता वाढते, हे २००९ मध्ये कळलं. पण आता त्याची जनुक तपासणी करण्यात पैसे घालवू नका. नव्या गोळ्यांनी साधारण १२ आठवड्यांत शंभरातले ९५ हून अधिक रुग्ण बरे होतात, जनुक कोणतंही असो. अंगात मुक्काम केलेला बी मात्र बहुधा पूर्ण जात नाही, औषधाने ताब्यात राहतो.

काविळीची माळ आणि नाकातले थेंब यांत महिने वाया घालवू नका. बी पॉझिटिव्ह आल्यास घरच्या सगळ्यांची तपासणी करा. ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या. नवजात बाळाला पहिला डोस २४ तासांच्या आत मिळायला हवा. एका ताटात जेवल्याने हे आजार पसरत नाहीत, पण वापरलेलं ब्लेड, सुई आणि जत्रेतलं गोंदण यांतून पसरतात. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सरकारी रुग्णालयात चौकशी करा.

नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल ठिपके किंवा काळी शौच असेल तर आमच्या रिपोर्टची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. एरवी तपासणीला येताना जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी घेऊन या. सीबीसीसाठी उपाशी राहायची गरज नाही.