पॉम्पेई लाव्ह्याखाली गाडलं गेलंच नाही

इटलीतल्या पॉम्पेई या जुन्या रोमन शहराचं नाव निघालं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गल्ल्यांतून वाहत येणारा लालभडक लाव्हा उभा राहतो. प्रत्यक्षात इ.स. 79 मध्ये त्या शहरात लाव्हा पोचलाच नाही. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याने घडला तो पातळ होता, भेगांतून निघून थरावर थर पसरत गेला. पॉम्पेईजवळच्या व्हेसुव्हिअस ज्वालामुखीचा शिलारस चिकट आणि वायूने गच्च भरलेला. तो वर येताना दाब घटतो, वायू एकदम फुगतो आणि शिलारसाच्या चिंधड्या होऊन आकाशात उडतात. माणसं मेली ती राख, हलके दगड आणि तापलेले वायू यांमुळे. कुठल्या गावाच्या वाट्याला आधी काय येणार, हे वाऱ्याने ठरवलं.

डोंगर थंड झाल्याचीच समजूत होती. भूगोलकार स्ट्रॅबोने माथ्यावरचे जळकट दगड पाहून लिहिलं होतं की इथे पूर्वी आग असावी आणि जळण संपल्यावर ती विझली असावी. उतारांवर द्राक्षमळे होते. 62 च्या (काहींच्या मते 63 च्या) फेब्रुवारीत मोठा भूकंप झाला. त्या वेळी 600 मेंढ्यांचा कळप मेल्याचं रोमन लेखक सेनेका नोंदवतो. मेंढीचं तोंड जमिनीलगत असतं, म्हणून जमिनीतून निघालेली विषारी हवा तिला आधी बाधते, हे त्याचं स्पष्टीकरण आजही पटण्याजोगं आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचतो. 17 वर्षांनंतरही पॉम्पेईत डागडुजी चालूच होती. उद्रेकाआधी काही दिवस पुन्हा धक्के बसले, पण कँपानिया या तिथल्या प्रदेशात ते नेहमीचेच म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही, असं उद्रेक दुरून पाहिलेल्या धाकट्या प्लिनीने पत्रात लिहिलंय.

दुपारी एकच्या सुमारास राखेचा खांब वर चढला. त्याची उंची सुमारे 30 किलोमीटरपर्यंत गेली असावी. वारा आग्नेयेकडे वाहत होता आणि पॉम्पेई नेमकं त्या वाटेवर, मुखापासून सुमारे 10 किलोमीटरवर होतं. तिथे प्यूमिसचा पाऊस सुरू झाला. टाच घासायला वापरतात तो सच्छिद्र दगड. एकेक खडा हलका, पण तासाला साधारण 15 सेंटिमीटर या वेगाने थर चढत होता. थर 40 सेंटिमीटरच्या आसपास गेला की छपरं मोडू लागतात, म्हणजे तीनेक तासांतच घरात थांबणं धोक्याचं झालं. पॉम्पेईत सापडलेल्या मृतांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त या टप्प्यातले आहेत, बरेचसे कोसळलेल्या छपरांखालचे. एकूण थर साचला 2.8 मीटर. जे लगेच निघाले ते बहुधा वाचले.

हर्क्युलेनियम हे दुसरं गाव डोंगराच्या जास्त जवळ, पण वाऱ्याच्या उलट बाजूला. तिथे दिवसभर राख नावापुरतीच पडली. मध्यरात्रीनंतर मात्र तो खांब ढासळला. असा खांब वर टिकतो तो आत ओढलेली हवा तापून हलकी होते म्हणून. बाहेर पडणारा माल वाढला किंवा त्यातला वायू कमी झाला, की मिश्रण हवेपेक्षा जड होतं आणि राख-वायूचा लोट उतारावरून खाली सुटतो. हाच पायरोक्लास्टिक प्रवाह. तो काही मिनिटांत समुद्रापर्यंत पोचला. किनाऱ्यावर होड्या ठेवायच्या कमानींत दाटीवाटीने थांबलेल्या सुमारे 300 जणांचे सांगाडे 1980 पासूनच्या उत्खननात मिळाले. तोवर गाव जवळजवळ रिकामं झालं होतं असंच मानलं जाई. पॉम्पेईत असा लोट सकाळी शिरला आणि प्यूमिसवरून चालत निघालेल्यांनाही त्याने गाठलं. आखातापलीकडच्या मिसेनम बंदरातल्या आरमाराचा प्रमुख, धाकट्या प्लिनीचा मामा थोरला प्लिनी सुटकेसाठी जहाजं घेऊन आला होता, तो पॉम्पेईच्या दक्षिणेच्या स्टाबिए गावाच्या किनाऱ्यावर मेला.

तारखेचा वाद अजून मिटलेला नाही. धाकट्या प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांवरून 24 ऑगस्ट रूढ झाली. पण डाळिंबं, चेस्टनट, शेगड्या आणि बंद केलेले द्राक्षरसाचे रांजण शरद ऋतूकडे बोट दाखवतात. 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली 17 ऑक्टोबर ही तारीख सापडली. तिच्यात साल नाही, पण कोळशाचं अक्षर फार दिवस टिकलं नसावं, असा अनेकांचा तर्क आहे. त्यामुळे अनेकांना ऑक्टोबरचं पारडं जड वाटतं.

गाडलं कशाखाली गेलं, यावर खोदाई ठरली. हर्क्युलेनियमवर सुमारे 20 मीटरचा थर बसला आणि दगडासारखा घट्ट झाला. 1738 पासून तिथे बोगदे खणावे लागले. मात्र त्याच थरात लाकूड, पाव आणि पपायरसच्या गुंडाळ्या कोळसा होऊन टिकल्या. पॉम्पेईचा थर भुसभुशीत. 1748 मध्ये खोदाई सुरू झाली, पण हे पॉम्पेईच हे 1763 मध्ये शिलालेख मिळाल्यावर ठरलं. बारीक राखेत देह कुजून पोकळ्या राहिल्या होत्या. 1863 मध्ये उत्खननाचा प्रमुख जुझेप्पे फिओरेल्लीने पोकळी लागताच खोदणं थांबवून छिद्रातून पातळ प्लास्टर ओतायला लावलं. ते घट्ट झालं की भोवतालची राख काढायची, म्हणजे देहाचा आकार हाती येई. प्यूमिसच्या थरात हे जमत नाही, कारण खडे सरकतात आणि पोकळी टिकत नाही.

1938 मध्ये पॉम्पेईत सुमारे 24 सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. अशा मूर्तींचा काळ एरवी अंदाजाने ठरवावा लागतो. ही मात्र 79 च्या आधीची हे नक्की.

व्हेसुव्हिअसचा शेवटचा उद्रेक 1944 चा. आजच्या आपत्ती-योजनेत दोन पट्टे आहेत. लाल पट्ट्याला पायरोक्लास्टिक प्रवाहाचा धोका, तिथली वस्ती उद्रेकाआधीच हलवायची. त्यासाठी 72 तास धरलेत. पिवळ्या पट्ट्यात राखेचा भार पडेल. तिथलं कुठलं गाव हलवायचं ते उद्रेक सुरू झाल्यावर, वारा पाहून.