बर्लिनचं अस्वल आणि बर्नचं अस्वल, गोंधळ होतो ना?

दोन्ही शहरांची नावं 'बर'ने सुरू, दोन्ही राजधान्या, एक जर्मनीची, एक स्वित्झर्लंडची (बर्न कागदोपत्री राजधानी नाहीये, संघीय शहर म्हणतात, पण सरकार तिथेच बसतं), आणि दोघांच्याही नगरचिन्हावर लाल जिभेचं, लाल नखांचं काळं अस्वल. त्यामुळे नुसतं अस्वल बघून 'हे बर्लिन' म्हणणारे बरेच असतात, मी पण त्यातलाच होतो.

ओळखायची खूण अगदी सोपी आहे. बर्लिनचं अस्वल पांढऱ्या ढालीवर मागच्या दोन पायांवर उभं असतं. बर्नचं चार पायांवर चालतं, आणि तेही चढावर, म्हणजे लाल ढालीवर तिरका सोनेरी पट्टा असतो आणि त्यावरून ते वर निघालेलं असतं. अजून एक फरक म्हणजे बर्नचं अस्वल नर आहे हे चित्रात स्पष्ट, लाल रंगात दाखवतात. हसू नका, स्वित्झर्लंडमध्ये हा गंभीर मामला आहे! १५७९ मध्ये सेंट गालेनच्या एका छापखान्याने कॅलेंडरवर शेजारच्या अपेन्झेल प्रांताच्या चिन्हातलं अस्वल तो अवयव न दाखवता छापलं, म्हणजे मादी करून टाकलं, आणि अपेन्झेलवाले इतके भडकले की प्रकरण पार लढाईपर्यंत येऊन ठेपलं होतं.

आता नावाचं. बर्नची दंतकथा अशी की ११९१ च्या सुमारास शहर वसवणारा ड्यूक बर्टोल्ड पाचवा म्हणाला, शिकारीत जो पहिला प्राणी मिळेल त्याचं नाव शहराला, आणि मिळालं अस्वल. गोष्ट झकास आहे पण अभ्यासक ती मानत नाहीत. बर्लिनचं नाव तर बहुधा दलदलीसाठीच्या जुन्या स्लाव्ह शब्दावरून आलंय, त्याचा अस्वलाशी काही संबंध नाही. पण जर्मनमध्ये अस्वलाला 'बेअर' म्हणतात, नावात तोच आवाज ऐकू येतो, मग चित्र काढायला अजून काय कारण पाहिजे.

खरा फरक मला इतिहासात दिसतो. बर्नमध्ये शहराच्या १२२४ च्या शिक्क्यापासून अस्वलच मालक आहे. बर्लिनच्या अस्वलाला मात्र शतकानुशतकं गरुडाखाली राहावं लागलं. १२५३ च्या शिक्क्यावर नुसता ब्रांडेनबुर्गचा, म्हणजे बर्लिन ज्या संस्थानात होतं त्याचा, गरुड होता, अस्वलाचा पत्ताच नाही. १२८० मध्ये दोन अस्वलं आली ती पण गरुडाच्या ढालीच्या दोन बाजूंना, पहारेकऱ्यासारखी. मग १४४८ ला बर्लिनकरांनी आपल्या शासकाविरुद्ध, म्हणजे ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर (सम्राट निवडायचा हक्क असलेला राजपुत्र) फ्रीडरिश दुसरा याच्याविरुद्ध बंड केलं, हरले, आणि त्यानंतरच्या शिक्क्यावर काय, तर गरुड अस्वलाच्या पाठीत नखं रोवून बसलेला. शहराला जागा दाखवायची याहून उघड पद्धत मला तरी माहीत नाही. १७०९ ला अस्वल उभं राहिलं खरं, पण गळ्यात पट्टा आणि डोक्यावर एकाच्या जागी दोन गरुड, एक प्रशियाचा (ब्रांडेनबुर्गच्या शासकांचं नवं राज्य), एक ब्रांडेनबुर्गचा. पट्टा निघायला १८७५ उजाडलं.

आत्ताचं चिन्ह १९५४ चं, पश्चिम बर्लिनने घेतलेलं, गरुड गायब. वर पाच पानांचा सोनेरी मुकुट आहे, तो झूम करून बघा, त्याची कपाळपट्टी भिंतीसारखी बांधलेली आहे आणि मधोमध बंद दरवाजा.

खरी अस्वलं दोन्ही शहरांनी पाळली. बर्लिनमधलं शेवटचं, श्नूटे, २०१५ मध्ये गेलं आणि त्यानंतर तिथे नवीन आणलं नाही. बर्नमध्ये मात्र अजून आहेत, अस्वलं ठेवायचा जुना खड्डा सोडून २००९ पासून नदीकाठच्या उतारावर, त्यामुळे तिथलं अस्वल चिन्हातल्यासारखं खरोखर चढ चढताना दिसतं.