बोगोटाचं पाणी आणि शेजारच्या देशांची जंगलं

11 एप्रिल 2024 रोजी कोलंबियाच्या राजधानीत पाणीकपात सुरू झाली. बोगोटा शहराचे नऊ भाग पाडले आणि एकेका भागाचं पाणी आळीपाळीने चोवीस तास बंद ठेवायला सुरुवात झाली. समुद्रसपाटीपासून 2,600 मीटर उंचीवरचं, अँडीज पर्वतात वसलेलं, ढगांची कधी वाण नसलेलं हे शहर. पण त्याला सुमारे सत्तर टक्के पाणी पुरवणाऱ्या चिंगासा धरणांचा साठा तळाला गेला होता. कपात बरोबर वर्षभर चालली. त्याच वर्षी शेजारच्या इक्वाडोरमध्ये नद्या आटल्यामुळे जलविद्युत केंद्रं थांबली आणि काही दिवस तर चौदा-चौदा तास वीज नव्हती. ब्राझीलमधल्या मनाउस बंदरात रिओ नेग्रो नदीची पातळी 1902 पासून मोजली जाते. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ती तोपर्यंतच्या नीचांकावर गेली, आणि 2024 मध्ये त्याहूनही खाली.

तीन देश आणि तीन वेगळी सरकारं, पण तिघांकडे पाणी येतं ते एकाच वाटेने. अटलांटिक महासागरावरून निघालेले वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे ॲमेझॉनच्या जंगलावरून वाहत येतात आणि अँडीजच्या भिंतीला येऊन धडकतात. चिंगासाच्या डोंगरांवर पडणारा पाऊस या पूर्वेकडच्या, ओरिनोको आणि ॲमेझॉन खोऱ्यांवरून आलेल्या वाफेचाच असतो. त्या दोन वर्षांच्या दुष्काळाचा सगळा दोष जंगलतोडीवर ढकलणं बरोबर होणार नाही. एल निनो होता, अटलांटिकचं पाणी तापलेलं होतं, आणि या सगळ्याखाली हवामानबदल होताच. पण अशा वर्षांतही जी थोडी वाफ आत येते तिला पुढे ढकलण्याचं काम जंगल करतं, आणि तेच जंगल आपण तोडत आहोत.

हे ढकलणं नेमकं कसं होतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं राजकारण त्यावरच उभं आहे.

एक साधा हिशेब करू. एक चौरस किलोमीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक हजार टन. ॲमेझॉनचं जंगल सुमारे 55 लाख चौरस किलोमीटरचं, आणि तिथली झाडं व ओली जमीन मिळून दिवसाला साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. गुणाकार केला की रोजचं सुमारे 2,000 कोटी टन पाणी वाफ होऊन वर जातं असं दिसतं. ॲमेझॉन ही जगातली सगळ्यात मोठी नदी. ती समुद्रात रोज ओतते ते पाणी सुमारे 1,700 कोटी टन. म्हणजे जंगलाच्या डोक्यावरून जाणारं पाणी खालच्या नदीपेक्षा कमी नाही. ब्राझीलच्या वैज्ञानिकांनी त्याला ‘उडत्या नद्या’ असं नाव दिलं, आणि जेरार्ड मॉस नावाच्या वैमानिकाने छोट्या विमानातून या वाफेचा माग काढत तिचे नमुने बाटल्यांत गोळा केले.

नमुने कशासाठी? इथे एनेआस सालाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाचं काम आठवायलाच हवं. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात. काही थोड्या रेणूंमध्ये जड ऑक्सिजन असतो, ऑक्सिजन-18. ढगातून पाऊस पडताना हे जड रेणू आधी उतरतात. त्यामुळे समुद्रावरून आलेला ढग जसजसा आत सरकतो आणि बरसत जातो, तसतसा पुढचा पाऊस ‘हलका’ होत गेला पाहिजे. किनाऱ्यापासून दोन-अडीच हजार किलोमीटर आत तर तो खूपच हलका असायला हवा. सालाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसाचे नमुने तपासून 1979 मध्ये दाखवलं की ॲमेझॉनमध्ये तसं होत नाही. आत जाताना पाऊस हलका होतो, पण फारच थोडा. याचा अर्थ, पडून गेलेले जड रेणू कुणीतरी पुन्हा वर पाठवतंय. हे काम झाडांचं. तळ्यातून किंवा समुद्रातून वाफ होताना हलके रेणू आधी निघून जातात, जड मागे राहतात. झाड मात्र मुळांनी जसं पाणी उचलतं, जवळजवळ तसंच, निवड न करता, पानांतून सोडून देतं. ढगाने टाकलेलं पाणी जंगल त्याला परत करतं, आणि तो पुढे जाऊन पुन्हा बरसतो. असं अनेकदा. त्या खोऱ्यातला जवळपास निम्मा पाऊस असा फिरून आलेला असतो, असा त्यांचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांत हा वाटा काहीसा कमी निघाला, पण मूळ गोष्ट टिकून राहिली.

पुढे 2017 मध्ये उपग्रहाच्या मोजमापांवरून आणखी एक गोष्ट दिसली. दक्षिण ॲमेझॉनमध्ये पावसाळा समुद्री वारे वळण्याची वाट पाहत नाही. कोरड्या ऋतूच्या शेवटी झाडं खोलवरचं पाणी उपसून हवेत सोडतात, हवा दमट होते, ढग बनतात, आणि या ढगांमुळे वाऱ्यांची दिशाही बदलायला मदत होते. दोन-तीन महिने आधीच तिथे पावसाळा सुरू होतो तो जंगलामुळे. आठ मीटरहून खोल गेलेली मुळं हे करू शकतात. कुरणातलं गवत करू शकत नाही, सोयाबीन तर नाहीच.

अँडीजला धडकल्यावर ही वाफ दक्षिणेकडे वळते आणि पर्वताच्या कडेकडेने, जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवरून, बोलिव्हिया, पॅराग्वे, दक्षिण ब्राझील आणि उत्तर अर्जेंटिनापर्यंत जाते. तिथली शेती या वाफेवर बरीच अवलंबून आहे.

आपल्याकडेही असं घडतं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की नैऋत्य मोसमी पावसाच्या काळात तमिळनाडूत जो पाऊस पडतो, त्याला पश्चिम घाटातल्या जंगलांनी सोडलेल्या वाफेचा मोठा हातभार असतो. कृष्णेचं पाणी कुणाचं किती, यासाठी आपण लवाद नेमले आणि अब्जावधी घनफुटांचा हिशेब मांडला. घाटावरून तमिळनाडूकडे जाणाऱ्या वाफेचा हिशेब कुणी मागितलेला नाही. जगातही तेच आहे. देशादेशांमधल्या पाण्याबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा 1997 चा करार भूपृष्ठावरच्या आणि भूजलाच्या पाण्याबद्दल बोलतो. हवेतलं पाणी त्याच्या कक्षेतच येत नाही.

आता सरकारांकडे वळू. 3 जुलै 1978 रोजी ब्राझिलियामध्ये आठ देशांनी ॲमेझॉन सहकार्य करारावर सह्या केल्या: बोलिव्हिया, ब्राझील, कोलंबिया, इक्वाडोर, गयाना, पेरू, सुरिनाम आणि व्हेनेझुएला. करार वाचला की त्यामागची भीती स्पष्ट दिसते. बाहेरचे देश ॲमेझॉनवर हक्क सांगतील ही ती भीती, आणि म्हणून आपल्या हद्दीतल्या नैसर्गिक संपत्तीचा वापर हा आमच्या सार्वभौमत्वाचाच भाग आहे, असं कलम त्यात ठळकपणे आहे. त्या काळात त्यात चूक काही नव्हती. पण ‘माझं जंगल माझं’ एवढं म्हणून जे सहकार्य सुरू होतं, ते फार पुढे जात नाही. कायमस्वरूपी सचिवालय स्थापन व्हायलाच 2002 उजाडलं. राष्ट्राध्यक्षांच्या बैठका 1989, 1992 आणि 2009 मध्ये झाल्या. त्यानंतरची थेट 2023 मध्ये. मधल्या चौदा वर्षांत जंगलतोड कुणासाठी थांबली नव्हती.

या खोऱ्यात सरहद्द किती पुसट आहे, हे पाहायचं तर लेतिसिया बघावं. कोलंबियाचं लेतिसिया आणि ब्राझीलचं ताबातिंगा ही दोन गावं एकमेकांना चिकटून आहेत. रस्त्याने चालत गेलं की देश बदलतो. समोर नदीतल्या बेटावर पेरूचं सांता रोसा. नदी पात्र बदलते, गाळाची बेटं तयार होतात, आणि 2025 मध्ये याच बेटाच्या मालकीवरून कोलंबिया आणि पेरू यांच्यात तणातणी झाली. 2019 च्या वणव्यांनंतर सात देशांनी जंगल वाचवण्याच्या करारावर सह्या केल्या त्याही लेतिसियातच. व्हेनेझुएलाला बोलावलं गेलं नाही, राजकीय भांडणामुळे. वाऱ्याच्या वाटेवरचा एक मोठा देश त्यामुळे बाहेर राहिला.

सहकार्य खरंच चाललं ते एका ठिकाणी, मोजणीत. ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था, इन्पे, 1988 पासून उपग्रहचित्रांवरून दरवर्षीची जंगलतोड मोजते. पद्धत कडक आहे. ढग कमी असतात त्या कोरड्या महिन्यांतली चित्रं घ्यायची, ऑगस्ट ते जुलै असं वर्ष धरायचं, सव्वासहा हेक्टरपेक्षा मोठा तुकडा साफ झाला की नोंद करायची, आणि एकदा तोडलेला तुकडा कायमचा ‘तोडलेला’ म्हणून बाजूला काढायचा. पुढे तिथे झुडपं उगवली तरी जंगल परत आलं असं म्हणायचं नाही. 2004 पासून जवळपास रोजच्या रोज इशारे देणारी दुसरी यंत्रणा जोडली गेली. त्याच वर्षी मरीना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना ब्राझीलने जंगलतोड रोखण्याची योजना आखली. त्या वर्षी 27,772 चौरस किलोमीटर जंगल गेलं होतं. 2012 मध्ये हा आकडा 4,571 वर आला. पुढे सरकारं बदलली आणि 2021 मध्ये तो 13,038 झाला, नंतर पुन्हा घसरून 2024 मध्ये 6,288. हे आकडे कुणीही उघडून पाहू शकतं. मला ही या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात मोठी कमाई वाटते. मोजणी खुली असली की कुठल्याही सरकारला थापा मारणं अवघड जातं.

शेजारी देशांकडे अशी सोय नव्हती. कुणी लहान तुकडे मोजत होतं, कुणी फक्त मोठे, कुणाचं वर्ष वेगळं, कुणाची ‘जंगल’ची व्याख्या वेगळी. अशा आकड्यांची बेरीजच होत नाही. ॲमेझॉन सहकार्य कराराच्या संघटनेने इन्पेच्या मदतीने आठही देशांच्या तंत्रज्ञांना प्रशिक्षण दिलं, ब्राझीलमध्ये तयार झालेली नकाशा-प्रणाली त्यांना वापरायला दिली. 2008 मध्ये सुरू झालेल्या ब्राझीलच्या ॲमेझॉन निधीत तशी तरतूदच आहे: वीस टक्क्यांपर्यंत रक्कम ब्राझीलच्या ॲमेझॉनबाहेरच्या, अगदी परदेशातल्या जंगलांच्या निरीक्षणावरही खर्च करता येते. शेजाऱ्याचं जंगल मोजायला स्वतःच्या निधीतून पैसा देणारं सरकार विरळाच.

पण उपग्रहाला लाकडाचा चोरटा व्यापार दिसत नाही. जंगल साफ न करता त्यातली निवडक मौल्यवान झाडं, महोगनी आणि सेड्रेला, काढून नेली की वरून छत्र बरंचसं तसंच राहतं. पेरूत याची ठरलेली रीत होती. तोडणीच्या आराखड्यात अस्तित्वातच नसलेली झाडं दाखवायची, प्रत्येकाची जागा अक्षांश-रेखांशासह लिहायची, परवाना मिळवायचा, आणि त्या परवान्यावर दुसरीकडून, बऱ्याचदा राखीव क्षेत्रातून वा आदिवासींच्या जमिनीतून चोरलेलं लाकूड बाहेर काढायचं. ओसिनफोर या पेरूच्या सरकारी संस्थेचे निरीक्षक त्या अक्षांश-रेखांशावर चालत जाऊन बुंधा शोधायचे. बुंधा नसायचाच. 2015 मध्ये पेरूतल्या इक्वितोसहून निघालेल्या ‘याकू काल्पा’ जहाजावरचं लाकूड अमेरिकेत अडवलं गेलं ते याच तपासणीच्या जोरावर. लक्षात घ्या, ते जहाज ॲमेझॉनमधून, म्हणजे ब्राझीलच्या हद्दीतून, समुद्रापर्यंत गेलं होतं. पेरूच्या निरीक्षकाची नोंद ब्राझीलच्या बंदरावर दिसत असती, तर ते वाटेतच थांबवता आलं असतं. म्हणूनच एका देशाचा परवाना दुसऱ्या देशाच्या पडद्यावर उघडणं, हे कंटाळवाणं वाटणारं काम मला मोठ्या घोषणांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. दुर्मीळ प्रजातींच्या व्यापाराचे परवाने इलेक्ट्रॉनिक करण्याचं काम करार संघटनेने हाती घेतलं आहे. मनाउसमध्ये 2025 साली या देशांच्या पोलिसांसाठी सहकार्य केंद्रही सुरू झालं.

ऑगस्ट 2023 मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात आठही देश भेटले. 113 कलमांचं घोषणापत्र निघालं. त्यात खूप काही चांगलं आहे, पण अमुक सालापर्यंत जंगलतोड शून्यावर आणू असं सर्वांनी मिळून दिलेलं वचन त्यात नाही. ब्राझीलला 2030 हवं होतं, सर्वांची सहमती झाली नाही. कोलंबियाने जंगलातलं तेल काढणं थांबवू या म्हटलं, तेही मान्य झालं नाही. त्यानंतर दोनच आठवड्यांत इक्वाडोरच्या मतदारांनी यासुनी राष्ट्रीय उद्यानातलं तेल जमिनीतच ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. सरकारांना जे जमलं नव्हतं, ते तिथल्या लोकांनी मतपेटीतून करून दाखवलं.

समान तारीख नसल्याचा तोटा काय, ते बोलिव्हियात दिसलं. ब्राझीलमध्ये तोड कमी होत असताना 2024 मध्ये बोलिव्हियात सुमारे 15 लाख हेक्टर आदिम उष्णकटिबंधीय जंगल गेलं, त्यातलं बहुतांश आगीत. त्या वर्षी या बाबतीत ब्राझीलखालोखाल बोलिव्हियाचाच क्रमांक होता. गुरांची कुरणं आणि सोयाबीन वाढवण्यासाठी लावलेल्या आगी दुष्काळात आवरल्या गेल्या नाहीत. एका देशाने कायदा आवळला आणि शेजाऱ्याने सैल सोडला, की पैसा आणि कुऱ्हाड सीमेपलीकडे जाते. थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये इशारा दिला होता की एकूण तोड 20 ते 25 टक्क्यांवर गेली तर पूर्व, दक्षिण आणि मध्य ॲमेझॉनचं पाणी फिरवण्याचं चक्र तुटेल आणि जंगलाच्या जागी विरळ माळरान येईल. आज सुमारे 17 टक्के जंगल गेलेलं आहे. ही टक्केवारी सगळ्या खोऱ्याची आहे, एकट्या ब्राझीलची नाही.

आणि बोलिव्हियावरून जाणारी वाफ पुढे जिथे पाऊस होऊन पडते, ते पॅराग्वे आणि अर्जेंटिना 1978 च्या करारात नाहीतच, कारण करार नदीच्या खोऱ्यावरून आखला गेला. त्यांचा करार वेगळा. ला प्लाता खोऱ्याचा, पाच देशांचा, तोही ब्राझिलियातच, 1969 साली झालेला. ब्राझील आणि बोलिव्हिया दोन्ही करारांत आहेत. तेव्हा सुरुवात अवघड नाही: दोन्ही सचिवालयांनी एकत्र बसावं, इन्पेचे तोडीचे आकडे आणि ला प्लाता खोऱ्यातले पावसाचे आकडे एकाच तक्त्यात मांडावेत, आणि अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या सोयाबीन शेतकऱ्याला बोलिव्हियाच्या सांता क्रूझमधल्या आगीबद्दल विचारणा करण्याचा अधिकृत मार्ग द्यावा.