राउटरमधली रांग

लग्नाहून परतलो त्या रात्री कॅनडाहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला आणि पाचव्या मिनिटाला तिचा चेहरा पडद्यावर थिजला. टीव्ही बंद होता, कुणी काही डाउनलोड करत नव्हतं. मग ध्यानात आलं, चार्जिंगला लावलेला बायकोचा फोन लग्नाचे सगळे फोटो क्लाउडवर चढवत होता.

आमचं कनेक्शन डाउनलोडला 100 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि अपलोडला फक्त 10. एकटा फोनही ते दहा सहज खातो. इंटरनेटवर डेटा पाठवायच्या नियमांची, म्हणजे टीसीपीची, रीतच तशी आहे: पाठवणारा वेग वाढवत जातो आणि पॅकेट, म्हणजे डेटाचा एखादा तुकडा, हरवलं की हात आखडता घेतो. ही शिस्त 1986 च्या फजितीतून आली. कॅलिफोर्नियात बर्कलीची प्रयोगशाळा आणि तिथून जेमतेम 400 यार्डांवरचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला होता. संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये त्यावरचा उपाय मांडला.

पण मेमरी स्वस्त झाली आणि मोडेम जादा पॅकेटं टाकून देण्याऐवजी बफरमध्ये, म्हणजे आपल्या साठवणीत, ठेवू लागले. पॅकेट हरवत नाही, म्हणून पाठवणाराही हात आखडत नाही. 1 मेगाबाइटचा बफर भरला, तर त्यातले 8 मेगाबिट 10 एमबीपीएसच्या वाटेने बाहेर पडायला 0.8 सेकंद लागतात. कॉलचं इवलंसं पॅकेट तेवढा वेळ फोटोंच्या मागे ताटकळतं. यालाच ‘बफरब्लोट’ म्हणतात.

अशा वेळी बहुतेक जण राउटरच्या पानावर जाऊन एकेका फोनला मर्यादा घालतात. राउटर त्या फोनच्या नावाने ठरावीक वेगाने टोकन, म्हणजे पुढे जायचे परवाने, जमा करतो. टोकन असेल तरच पॅकेट पुढे जातं. बाहेरून येणाऱ्या डेटालाही हाच लगाम. दूरच्या सर्व्हरला राउटर थेट थांबवू शकत नाही, पण पॅकेट अडवलं किंवा टाकलं की ते मिळाल्याची पोच सर्व्हरकडे उशिरा जाते किंवा जातच नाही, आणि सर्व्हर आपणहून हळू होतो. मला मात्र हा उपाय ओबडधोबड वाटतो. रात्री दोनला लाइन मोकळी असली, तरी त्या फोनला तेवढंच मिळणार.

त्यापेक्षा सगळ्या घरालाच लाइनच्या वेगापेक्षा किंचित खाली बांधावं. अपलोड 10 असेल तर 9. म्हणजे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते, आणि तिथे ती आपल्या हातात असते. ‘एफक्यू-कोडेल’ किंवा 2018 मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात आलेला ‘केक’ हा रांग सांभाळणारा प्रोग्राम प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग लावतो, पाळीपाळीने सोडतो आणि रेंगाळणारी पॅकेटं वेळीच टाकतो. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ या नावाची अशी रांग सांभाळण्याची सोय आहे का ते पाहा. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरवर ती बसवता येते. वायफायच्या लहरींचा सामायिक वेळ मात्र वेगळी गोष्ट: लांबच्या खोलीतला जुना फोन थोडाच डेटा नेतो, पण हळू बोलत असल्याने वेळ जास्त अडवतो. त्याला एमबीपीएसची मर्यादा पुरेशी नाही, राउटर जवळ आणावा लागतो.

मी 9 चा आकडा भरला आणि फोटो पुन्हा चढायला लावले. आधी 700 मिलिसेकंदांवर गेलेला पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, 30 च्या आसपास राहिला. भाचीला परत फोन लावला, तेव्हा बायकोच्या फोनवर अजून निम्मे फोटो चढायचे होते.